खिडकीखालची ओली फरशी

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते. सकाळी दहावीची पोरं, संध्याकाळी नववीची. आमचे हे म्हणतात, "तुझ्यासमोर भूत उभं राहिलं तरी तू त्याला म्हणशील, आधी पायऱ्या मांडून दाखव." खरं आहे ते. पण गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या आमच्या राहत्या घरात, भर दुपारी, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मग येतच राहिला. आणला कुणी, तर वीतभर उंचीच्या एका कुत्र्यानं.

हा कुत्रा म्हणजे पामेरियन. पांढरा म्हणून आणला, आता पिवळट झालाय. ह्यांनी तो घरी आणला त्या दिवशी सासूबाईंनी पिशवी भरायला घेतली. "हे ध्यान इथे राहणार असेल तर मी चालले धुळ्याला लेकीकडे." धुळं राहिलं बाजूलाच, महिन्याभरात ते ध्यान त्यांच्या पायाशी झोपायला लागलं. त्याला शिस्त लावली तीही त्यांनीच. ओरडल्या नाहीत, हात उगारला नाही. सकाळ-संध्याकाळ मागच्या दाराची कडी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "चला साहेब, बाहेर." कुत्र्याला अहोजाहो! मला मेलीला कधी एवढ्या मानानं हाक मारली नाही त्यांनी. बाहेर सगळं उरकलं की भाकरीचा तुकडा मिळायचा. एवढ्यावर तो असा तयार झाला की काय सांगू. एकदा आम्ही सगळे अमळनेरला लग्नाला अडकलो आणि यायला फार उशीर झाला, तर हा दाराशी पाय आवळून थरथरत उभा होता. पण घरात थेंब सांडला नव्हता.

माघात सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचा दिवाण होता. तो उचलून बाहेर ठेवला आणि त्याच जागी त्यांना खाली घेतलं. संध्याकाळी सगळे परत आल्यावर नणंदबाईंनी त्या जागेवर दिवा लावला, शेजारी पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस पुढे कोणत्या जन्माला गेलं ते पिठात उमटतं म्हणतात. मला हे पटत नाही, पण अशा वेळी तोंड उघडायचं नसतं एवढं मलाही कळतं. कुत्रा मधेमधे नको म्हणून त्याला शेजारच्यांकडे कोंडून ठेवलं होतं.

सकाळी टोपली उचलली. पिठात पाऊल होतं. लहानसं, चार बोटांचं.

"मांजर आलं असेल," मी म्हटलं. नणंदबाईंनी टोपलीकडे आणि मग खिडक्यांकडे बोट दाखवलं. टोपली होती तशीच पालथी होती आणि खिडक्या बंद होत्या. मी पटकन पीठ गोळा केलं आणि विषय संपवला. तसा तो संपला नव्हता, पण मला संपवायचा होता.

दिवस झाले, सुतक फिटलं. नणंदबाईंनी दूधवाल्याकडून ताजं गोमूत्र मागवलं आणि आंब्याच्या पानानं घरभर शिंपडलं. खिडकीखाली जरा जास्तच. मग त्या धुळ्याला गेल्या आणि घरात आम्ही उरलो. मी, हे, नाना आणि कुत्रा.

नाना म्हणजे माझे सासरे. मूळचे अमळनेरकडच्या खेड्यातले, सगळी नोकरी एसटीत झाली. शहरात इतकी वर्षं काढली, पण मन हललं की अजून अहिराणीत बोलतात. सासूबाई गेल्यावर ते रडले नाहीत. त्यांनी जेवण सोडलं. म्हणजे ताटावर बसायचे, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मोडायचे, ठेच्याला लावायचे आणि पाण्याच्या घोटाबरोबर दोन घास ढकलून उठायचे. मी चिडले, गोड बोलले, वांग्याचं भरीत केलं, शेवभाजी केली. उपयोग शून्य. दंडाची कातडी लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाले, "दुखणं काही नाही, माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे." आता ते औषध कुठल्या दुकानात मिळतं? मला भीती वाटत होती, स्पष्ट सांगते. वर्षाच्या आत घरातून दुसरं माणूस जाणार असं वाटत होतं.

त्यातच कुत्र्याचं सुरू झालं.

पहिल्यांदा मी पाहिलं नाही, फक्त पाय भिजला. फाल्गुनातच ऊन तापायला लागलं होतं. दुपारी आमच्याकडे रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दारं-खिडक्या लावून, कूलर चालू करून माणसं मेल्यासारखी पडून राहतात. मी पाणी प्यायला उठले आणि खिडकीखाली पाय ओला झाला. कूलरचं पाणी गळलं असेल म्हणून वाकले, तर वास आला.

मी ओरडले. कुत्रा समोरच बसला होता. चूक झाली की हा कान पाडून पलंगाखाली शिरतो, निदान तसा शिरायचा. त्या दिवशी हलला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, जणू तिकडे विचार म्हणतोय. मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी झोपलेच नाही, स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. कूलर घरघरत होता. आतल्या खोलीतून त्याची नखं फरशीवर वाजत आली, टिक टिक टिक. घाई नव्हती. खिडकीपाशी येऊन थांबला. फरशी हुंगली, एक गिरकी घेतली, मग मान वर केली. माणूस खाली मांडी घालून बसलं तर त्याचा चेहरा जिथे येईल, बरोबर तिथे तो बघत होता. कान मागे गेले. सासूबाई मानेखाली खाजवायच्या तेव्हा जायचे तसे. शेपूट हलायला लागली. आणि तसाच वर बघत बघत, शेपूट हलवत, तो खाली वाकला आणि फरशी ओली केली.

भिंतीवर काही नव्हतं. पाल नव्हती, फोटो नव्हता. फोटो आम्ही समोरच्या भिंतीवर लावलाय. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. घामानं भिजलेल्या माझ्या पाठीला एकदम गार वाटलं.

माझ्याच्यानं राहवलं नाही, मी नणंदबाईंना फोन केला. चूक केली. त्या फोनवरच हुंदके द्यायला लागल्या. "आई अडकली गं वहिनी! पिठातलं पाऊल विसरलीस का?"

"ताई, दहाव्याला कावळा कसा झटक्यात शिवला होता, मग अडकायला काय झालं?"

"तुझं गणित तुझ्यापाशी ठेव. त्या जागी विटाळ होतोय. पुसलंस की लगेच गोमूत्र शिंपड. रोज शिंपड, भरपूर. ऐकतेस ना?"

ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला? दूधवाल्याकडे बाटली लावली. तो रोज दुधाबरोबर ताजं गोमूत्र देऊन जायचा. दुपारी कुत्र्याचं झालं की मी फिनाईलनं पुसायची आणि वर गोमूत्र शिंपडायची. जागा शुद्ध. दुसऱ्या दुपारी पुन्हा टिक टिक टिक. जितकं शुद्ध करावं तितका तो नेमानं येत होता. पुढे पुढे दिवसातून दोनदा यायला लागला. मागच्या दाराची कडी वाजवली तर बाहेर जायचा, उरकायचा, आणि तरी परत येऊन खिडकीखाली थोडं ठेवायचाच. त्याच्यासाठी मेली एक फरशी राखून ठेवली होती जणू.

आणि मग नाना बोलले. एका दुपारी मी बादली घेऊन आले, तर ते खुर्ची ओढून त्या जागेजवळ बसले होते. कुत्रा नुकताच करून गेला होता. ओल अजून पसरत होती. नाना तिच्याकडे टक लावून बघत होते.

"त्याला मारू नकोस," ते म्हणाले. मग अगदी हळू, "ती येल शे."

ती आली आहे. एवढंच. भर उन्हात, दिवसाढवळ्या, माझ्या सासऱ्यांच्या तोंडून ते ऐकताना मला घरातून पळून जावंसं वाटलं. पण त्याच रात्री त्यांनी ताटातली भाकरी पूर्ण खाल्ली. मी न विचारता वर अर्धी वाढली, तीही खाल्ली.

मग ते रोजचंच झालं. नाना दुपारी खुर्ची टाकून बसायचे. कुत्रा यायचा, वर बघायचा, शेपूट हलवायचा. नाना मान डोलवायचे, पण त्या जागेशी बोलायचे नाहीत. मी दारामागून बघायची आणि माझे दंड काट्यानं भरून यायचे. संध्याकाळी धुळ्याहून फोन, "आज केलं का? आईच्याच जागेवर?" हे दुकानातून आल्यावर चप्पल काढता काढता विचारायचे, "आज आई आली होती का?" आधी थट्टेत, मग थट्टेत नाही. गल्लीत बातमी फुटायला किती वेळ! बाया बघायला यायच्या, त्या फरशीपासून हातभर लांब बसायच्या आणि मग सुरू व्हायच्या. सासूबाईंनी कुणाच्या बाळंतपणात लाडू कसे दिले, पाणी सोडणाऱ्याला भर चौकात कसं झापलं, कुरडया बिघडल्या तेव्हा पीठ कसं सावरून दिलं. नाना कोपऱ्यात बसून ऐकायचे. अंगावर थोडं मांस यायला लागलं.

मला हे कळत होतं आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. म्हातारा माणूस कशावर जगतोय, तर कुत्र्याच्या मुतावर! उद्या काय होईल?

उद्या आलाच. चैत्र संपत आला तसा नणंदबाईंचा हुकूम आला. आमच्याकडे आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, सण दिवाळीपेक्षा मोठा. लेकी माहेरी येतात, आणि वर्षात कुणी गेलं असेल तर त्याच्या नावानं घागर भरतात. पाण्यानं भरलेली मातीची घागर, वर खरबूज, शेजारी आंबा आणि गोड सांजोरी. "आईची घागर तिच्याच जागेवर मांडायची," त्या म्हणाल्या. "आणि त्या कुत्र्यानं घागरीवर पाय वर केला तर आई सात पिढ्या माफ करायची नाही. त्याला फैजपूरला पाठवून द्या. माझ्या दिरांची केळीची बाग आहे, राहील मोकळा."

केळीच्या बागेत! तिथली राखणीची कुत्री ह्याला एका घासात संपवतील. बहिणीपुढे ह्यांची जीभ टाळूला चिकटते. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "त्याला नेणार? मग मला पण तिकडेच टाकून या." त्या रात्री भाकरी पुन्हा ताटात तशीच राहिली.

झालं, ठरलं. कुत्रा गेला की नाना गेले. एवढं गणित मला मांडून दाखवायला नको. दुसऱ्या सकाळी शिकवणीला सुट्टी दिली, कुत्र्याला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण होता डॉक्टर. कुत्र्याचं पोट चाचपलं, लघवी तपासली. मूत्राशयाला सूज आहे, कळ थांबत नाही, गोळ्या देतो म्हणाला. मग विचारलं, "सगळीकडे करतो की एकाच जागी?"

"एकाच."

"तिथे पुसायला काय वापरता?"

"फिनाईल. मग गोमूत्र."

त्यानं पेन खाली ठेवलं. "किती दिवसांपासून?"

"सुतक फिटलं तेव्हा एकदा. फाल्गुनापासून रोज."

तो इतका हसला की बाहेरच्या बाईनं डोकावून पाहिलं. "अहो मॅडम, तुम्ही रोज त्या जागेवर दुसऱ्या जनावराचं मूत शिंपडताय! कुत्रा येणार, हुंगणार, म्हणणार, माझ्या घरात हा कोण शहाणा? आणि वर आपलं ठेवून जाणार. तुम्ही परत शिंपडणार. त्यात सूज, म्हणजे धरवत नाहीच. ही तुमच्या दोघांची स्पर्धा चाललीये."

मला इतकी लाज वाटली! आणि इतकं हायसंही वाटलं की मीही तिथेच हसत सुटले. एवढी गणिताची बाई, आणि रोज आपल्या हातानं भूत तयार करत होते. मग आठवलं म्हणून विचारलं, "आणि तो वर बघून शेपूट हलवतो, ते?"

डॉक्टरचं हसू कमी झालं. "ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला आणि गोळ्या लिहायला लागला.

मी घरी आले आणि कंबर कसली. गोमूत्राची बाटली मोरीत आणि फिनाईलची कपाटात. ती जागा साबणानं घासली, मग व्हिनेगरच्या पाण्यानं धुतली, पुन्हा घासली. जिथे खातो तिथे कुत्रा सहसा घाण करत नाही, असं तो डॉक्टर म्हणाला होता, म्हणून त्याची भाकरी-दुधाची वाटी तिथेच ठेवली. गोळ्या गुळात दडवून दिल्या. सासूबाईंसारखी कडी वाजवायला लागले. 'साहेब' काही माझ्या तोंडून निघालं नाही, पण 'चला' म्हणायची. थोड्या दिवसांत खिडकीखालची फरशी कोरडी राहायला लागली. नाना खुर्ची टाकून बसायचे. कुत्रा यायचा, वाटी चाटायचा आणि निघून जायचा.

आखाजी झाली. नणंदबाई आल्या, कुत्रा बघून नाक मुरडलं, पण फरशी कोरडी बघून गप्प बसल्या. घागर मांडली. मांडे, आमरस, कुरडया, सगळं केलं. नानांनी निखाऱ्यावर आगारी टाकली, म्हणजे पितरांचा घास, आणि सासूबाईंचं नाव मोठ्यानं घेतलं. नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही अशा पिढीतला माणूस. लग्नातल्या उखाण्यानंतर बहुधा पहिल्यांदाच घेतलं असेल. तूप चरचरलं, धूर वर गेला. कुत्रा कोपऱ्यात शहाण्यासारखा बसून होता. मी मनात म्हटलं, जिंकलो.

नणंदबाई समाधानानं धुळ्याला गेल्या. संध्याकाळचे फोन थांबले. गल्लीतल्या बायांना बघायला काही उरलं नाही, त्याही येईनाशा झाल्या. ह्यांनी आल्यावर विचारायचं सोडलं. आणि नानांची भाकरी पुन्हा ताटात राहायला लागली. आधी पाव, मग अर्धी, मग एका दिवशी त्यांनी ताटच सरकवलं.

मी काय केलं ते सांगते. दूधवाल्याला पुन्हा बाटली सांगितली. भर दुपारी, हे दुकानात असताना, नाना आत पडलेले बघून, मी चोरासारखी पुढच्या खोलीत गेले, वाटी उचलली आणि खिडकीखाली गोमूत्र ओतलं. शिंपडलं नाही, ओतलं. आणि कुत्र्याला बोलावलं. "ये रे बाबा, ये. कर."

तो आला. फरशी हुंगली. सूज उतरली होती, त्याला कळ नव्हती. मग मान वर केली, त्याच जागी बघितलं, शेपूट दोनदा हलवली आणि थेंबही न सांडता आत निघून गेला. मी त्या ओल्या फरशीसमोर एकटीच उभी राहिले, आणि मला त्या वेळी जेवढी भीती वाटली तेवढी सगळ्या उन्हाळ्यात वाटली नव्हती.

"राहू दे, बेटा," मागून आवाज आला. नाना दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "गोमूत्रानं कुत्रं येतं. माणूस येत नाही."

बाटली लपवायला जागा नव्हती. "नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"माले काय डोया नहीत का? दिसत होतं सगळं. तू शिंपडायचीस, ते धावायचं."

"मग ती आली म्हणत होतात, ते?"

ते हळूहळू येऊन खुर्चीत बसले. "मग काय म्हणू? रोज दुपार झाली की घरात तिचा विषय निघायचा. तू चिडायचीस, धुळ्याहून फोन यायचा, पोरगा आल्या आल्या विचारायचा, बाया येऊन तिच्या गोष्टी सांगायच्या. कुत्रं शहाणं झालं आणि तुम्ही बठ्ठे गप्प झाले. आखाजीपासून कुणी एकदा तरी तिचं नाव काढलं?"

कुणीच काढलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग डोळे पुसले, त्या ओल्या फरशीशेजारीच खाली बसले आणि विचारलं, "नाना, सासूबाई पहिल्यांदा या घरात आल्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या?"

नाना चक्क हसले.

"म्हणाली, जळगावला फार ऊन आहे बाई, मी काही इथे टिकायची नाही."